मदत हवी आहे : कोकण रेल्वे दिवसाउजेडी बघायची आहे

नमस्कार मंडळी. पोळा झाला की आईबाबांना बडनेऱ्याहून कल्याणमार्गे मडगावला न्यायचं आहे, आणि स्लीपरनेच. एसीच्या बंद काचेतून पावसाचा वास येत नाही! बाबांचा जन्म कपाशीच्या काळ्या सपाट शिवारात गेला. त्यांना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीपुढचा ६४ मीटर उंच पानवलचा पूल खिडकीत बसून दाखवायचा आहे. पण कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश चालतात, वेळाही बदलतात. कल्याण किंवा पनवेलहून कोणती गाडी धरली तर चिपळूण ते राजापूर उजेडात होईल? खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी? बाबांचे गुडघे दुखतात, खालचाच बर्थ लागेल. आणि इकडची गाडी उशिरा पोचली तर पुढची चुकू नये म्हणून मधे किती तास ठेवावेत?