लाल रिंगचे पैसे द्यायचे की काचेचे?

लोअरपरळ_लोकल

मंडळी, लग्नाच्या सीझनआधी एक लेन्स घ्यायचीय आणि डोकं पार आउट झालंय. बॉडी कॅनन सिक्स डी मार्क टू. तीन वर्षं एका सरांच्या हाताखाली सेकंड शूटर होतो, आता स्वतःच्या ऑर्डरी घ्यायला लागलोय. सध्या प्लास्टिकची ५० एफ १.८ एसटीएम (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) आणि सरांकडून घेतलेली जुनी २४-१०५ एफ ४ आहे. आता २४-७० एफ २.८ पाहिजेच. परवा फोर्टला बोरा बाजारात जाऊन आलो, दोन सेकंडहँड मिळतायत, एक कॅननची लाल रिंगवाली, म्हणजे त्यांच्या महागड्या एल मालिकेतली २४-७० एल टू आणि दुसरी टॅमरॉन या वेगळ्या कंपनीची जी टू, जी बऱ्यापैकी स्वस्त पडतेय.

आता गंमत बघा, २४-१०५ पण लाल रिंगवालीच आहे, तरी हॉलमधे लाइट कमी झाले की मी तीच काढून ५० लावतो, कारण एफ ४ च्या जवळजवळ पाच पट उजेड ती प्लास्टिकची डबी आत घेते. म्हणजे रिंग बघून काही होत नाही हे मला कळतं, पण दुकानात दोन्ही समोर ठेवल्या की हात लाल रिंगकडेच जातो. खरं सांगा, तुम्ही लेन्स घेता तेव्हा परफॉर्मन्स बघता की नाव? मला नक्की कशासाठी जास्त पैसे द्यावेसे वाटतायत तेच कळेना झालंय.

कट्ट्यावरचा_कॅमेरा

अरे मित्रा, एल म्हणजे लक्झरी, हे कॅनन स्वतःच सांगते, लपवतही नाही 😄 तुला गाडीत लेदर सीट हवी आहे का एवढाच प्रश्न आहे.

आता सीरियसली. आम्ही चार जणांनी दिवाळीत एक उद्योग केला होता. मित्राची ५० एफ १.२ एल आणि माझी ५० एफ १.८ ची जुनी दुसरी व्हर्जन, एकाच बॉडीवर, ट्रायपॉडवर, शिवाजी पार्कच्या कंदिलांसमोर त्याच्या भाचीला उभं करून. पोस्टकार्ड साइझ प्रिंट काढल्या, मागे पेन्सिलने नंबर टाकले आणि घरातल्या सगळ्यांसमोर पसरून ठेवल्या. एफ ५.६ वाल्या प्रिंटमधे एकालाही ओळखता आलं नाही, आणि ज्याची १.२ होती तो तर ठामपणे चुकला, त्याने माझ्या १.८ च्या फोटोला "हा बघ, हा एलचा पॉप" म्हटलं. मग एफ २.८ वाल्या प्रिंट बघताना त्याची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, ह्यात मागचे दिवे असे पंचकोनी का दिसतायत रे. संपलं. जुन्या १.८ ला ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची पाती पाचच, थोडी बंद केली की मागचा प्रत्येक दिवा पाच कोनांचा होतो. तुझ्या एसटीएमला सात आहेत आणि गोलसर आहेत, त्यामुळे तुझ्यात एवढं दिसणार नाही.

म्हणजे फरक होता, पण तो शार्पनेसमधे नव्हता आणि कुठल्या रिंगवरही छापलेला नव्हता. १.२ ला पूर्ण उघडलं की सव्वादोन पट उजेड जास्त येतो हे खरं, पण वजनही तिपटीच्या वर जातं. ते तुला कामाचं आहे का ते तू ठरव.

एफ_आठ_आणि_झोप

आधी एक चांगला फ्लॅश आणि डिफ्युझर घे. लेन्स नंतर.

पाखरू_शिवडी

फ्लॅशवाल्या भाऊला अनुमोदन, पण विषय लेन्सचा आहे म्हणून माझं पण ऐका.

लेबल पूर्ण थापा असतात असं मला नाही वाटत. सिग्माचं घ्या, २०१२ मधे त्यांनी सगळ्या नव्या लेन्सची आर्ट, स्पोर्ट्स, कंटेम्पररी अशी विभागणी केली. मग २०१४ मधे १५०-६०० एकाच वेळी दोन प्रकारात जाहीर झाली, स्पोर्ट्स आणि कंटेम्पररी, रेंज तीच, ॲपर्चर तेच. आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमधे तेव्हा जो तो स्पोर्ट्सच्या मागे, कंटेम्पररी म्हणजे जणू गरिबाची. मी दोन्ही हातात घेऊन बघितल्या. स्पोर्ट्स पावणेतीन किलोच्या वर, कंटेम्पररी दोन किलोच्या आत. स्पोर्ट्सचं पाणी-धूळ अडवणारं सीलिंग जास्त भक्कम, पुढची काच मोठी, फिल्टर १०५ चा, दुसरीचा ९५ चा.

आता शिवडीला भरती-ओहोटीचं टायमिंग बघून पहाटे उभं राहायचं, पाणी चढायला लागलं की फ्लेमिंगो चिखल सोडून जवळ सरकतात, तेव्हा अर्धा-पाऊण तास कॅमेरा डोळ्यालाच असतो. हातात धरून. पावणेतीन किलो धरून बघा, विसाव्या मिनिटाला मनगट थरथरतं आणि मग कसला स्पोर्ट्स नि कसलं काय. आणि नऊ वाजून गेले की चिखलावरची हवा उकळल्यासारखी हलते, ६०० ला झूम केलंत तर दोन लाखांची लेन्स असो की वीस हजारांची, पक्षी पाण्यात बुडवून काढल्यासारखाच येणार. मी कंटेम्पररी घेतली, आजही तीच आहे. पण जो बाबा पावसात, धुळीत गाडीच्या खिडकीवर बीनबॅग टाकून शूट करतो त्याने स्पोर्ट्स घेतली तर तो मूर्ख नाही. लेबल खरंच बोलत होतं, आम्हीच त्याचा अर्थ "भारी" आणि "हलकी" असा लावून बसलो.

काकू_विथ_कॅमेरा

मी अकरा वर्षं लग्नं करतेय, दादर ते कल्याण. तुझ्या प्रश्नाचं एक उत्तर असं की लेबल क्लायंटसाठी असतं. वराचे काका येऊन विचारतात, मॅडम ती पांढरी मोठी लेन्स नाही आणली का. हसू नका, त्या काकांच्या समाधानावर पुढची ऑर्डर ठरते.

पण दुसरं जास्त महत्त्वाचं. एकदा माझी नेहमीची लेन्स सर्व्हिसला होती म्हणून दुसऱ्या एका कंपनीची उसनी आणली. फोटो मस्त, फोकस मस्त. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, मला क्लोजअपवरून वाइडला यायचं होतं आणि सवयीने रिंग फिरवली तर ती उलटी निघाली, नवरीचं नाक फ्रेमभर. अक्षता पडून गेल्या. चूक माझ्याच हाताची, कारण आदल्या दिवशी घरी पाच मिनिटं फिरवून बघितलं असतं तर झालं नसतं. टॅमरॉनची झूम रिंगही कॅननच्या उलट दिशेने फिरते बाळा, हे तुला कुठल्याच चार्टमधे दिसणार नाही. तुझी २४-१०५ आणि ही एकाच दिवशी वापरणार असशील तर हाताला कसं पटतंय ते आधी बघ.

आणि टॅमरॉनमधे व्हायब्रेशन कॉम्पेन्सेशन आहे, एल टू मधे स्टॅबिलायझर नाहीच. स्टेजवर उभ्या जोडप्याला १/३० ला घ्यायचं असेल तर उपयोग आहे, वरातीत नाचणाऱ्या पोरांना स्टॅबिलायझर काही थांबवत नाही, तिथे शटर स्पीडच लागतो.

बोराबाजार_शनिवारी

सगळे परफॉर्मन्सवर बोलतायत म्हणून मी पैशावर बोलतो. लाल रिंग विकायला निघालास तर दुपारपर्यंत फोन येतात, थर्ड पार्टीला, म्हणजे टॅमरॉनसारख्या दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला, आठवडा लागतो आणि गिऱ्हाईक घासाघीस करतं. आज जे जास्त देतोयस त्यातलं बरंचसं उद्या परत येतं. त्यामुळे नावाला पैसे देणारा येडा असं म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा.

पण सेकंडहँडमधे नावाच्या नादात जो फसतो तो फंगसला फसतो. पाच पावसाळे कपाटात कपड्यांशेजारी राहिलेली लेन्स आहे की ड्राय कॅबिनेटमधे ४५ टक्के दमटपणावर राहिलेली, हे रिंगवर लिहिलेलं नसतं, आणि आपल्या मुंबईतल्या जुलैत बुरशी काही लाल-काळं बघून धरत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मार, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नमस्कार करून बाहेर पड. धुळीचे चार कण असले तर सोडून दे. मग समोरच्या भिंतीला पेपर चिकटवायला सांग, कॅमेरा अगदी समांतर धर, २.८ ला २४ वर आणि ७० वर काढ आणि चारही कोपरे झूम करून बघ. चारही सारखेच थोडे मऊ असले तर डिझाइनच तसं. एकच कोपरा गेलेला असेल तर आतली काच सरकलीय, मग ती एल असो की अजून काही. कंपन्यांचे एमटीएफ चार्ट, म्हणजे शार्पनेसचे आलेख, बरेचदा डिझाइनवरून कॉम्प्युटरने काढलेले असतात, तुझ्या हातातली लेन्स त्यात कुठेच नसते.

सुमिक्रॉन_स्वप्नात

नावांवरून आठवलं, लायका या कॅमेरा कंपनीत लेन्सचं नाव म्हणजे चक्क माहिती असायची. सुमिक्रॉन म्हटलं की एफ २, सुमिलक्स म्हटलं की १.४, एल्मारिट म्हटलं की २.८. आता तीच लायका आणि झाइस मोबाइलच्या पाठीवर छापून येतात, आणि त्या बोटाएवढ्या काचेवरून लोक भांडतात.

पाखरू_शिवडी

@सुमिक्रॉन_स्वप्नात भाऊ, माझ्याकडे झाइसचा बिल्ला असलेला फोन आहे, फोटो छान येतात, उगाच चिडवू नका 😅

लोअरपरळ_लोकल

सगळ्यांचे आभार. आज परत गेलो होतो, २४-१०५ बरोबर घेऊन.

टॉर्च मारला. लाल रिंगवालीत मागच्या काचेच्या कडेला धागे होते, अगदी बारीक. दुकानदार म्हणाला फोटोत येत नाही साहेब. आज येत नसतील, पण पावसाळा लांब नाही. टॅमरॉन आतून स्वच्छ. पेपरवाली टेस्ट केली, ७० ला वरचा डावा कोपरा किंचित मऊ वाटला, पण दुकानातल्या ट्यूबलाइटमधे आणि मागून लोक धक्के देत असताना मला खात्रीने सांगता येणार नाही. आणि काकू, रिंग खरंच उलटी. पाच मिनिटांत चार वेळा चुकलो.

तर अजून काहीच घेतलं नाही. दुकानदाराने टॅमरॉन रविवारपुरती भाड्याने द्यायची तयारी दाखवलीय, त्या दिवशी ठाण्यात साखरपुडा आहे, अंतरपाट नाही. तिथे दिवसभर तीच वापरतो. आणि दुसरी एखादी एल टू कुणाकडे असेल, ड्राय कॅबिनेटमधे ठेवलेली, तर मेसेज करा, बघायला मी टॉर्च घेऊन येईन.

काकू_विथ_कॅमेरा

५० पण बरोबर ठेव. आणि २४-१०५ घरी ठेव, नाहीतर हात परत गोंधळेल.