सात गावांच्या युवक मंडळांचे नवे पदाधिकारी : दोन दिवसांच्या प्रशिक्षणात नेमकं काय घ्यावं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. केज-कळंब पट्ट्यातल्या सात गावांच्या युवक मंडळांच्या नव्या पदाधिकाऱ्यांचं एकत्र प्रशिक्षण घ्यायचं आहे. प्रत्येक मंडळाचे चार, म्हणजे २८ जण, त्यात ११ मुली. वय १८ ते २४. जागा जिल्हा परिषद शाळेची : दोन खोल्या आणि साधारण ६० × ४० मीटरचं मैदान.

मंडळं २६ जानेवारीला भरतात आणि होळीपर्यंत विरून जातात. बैठकीत एक जण बोलतो, बाकीचे मोबाइलमध्ये. वर्गणीचा हिशोब तोंडी. पोरापोरींना खरी ओढ कबड्डीची आणि पोलीस भरतीच्या सरावाची. पाहुण्यांची भाषणं ठेवायची नाहीत एवढं पक्कं आहे. मग उपक्रम कोणते, किती वेळाचे, कोणत्या महिन्यात, आणि सलग दोन दिवस की वेगवेगळे?

बालाघाट

भाषणं नकोत हे उत्तम ठरवलंत. त्यापुढचं पाऊल म्हणजे प्रशिक्षकानेही कमी बोलायचं. गावात परत गेल्यावर या मुलांना वीस-पंचवीस जणांसमोर उभं राहून काहीतरी चालवायचं आहे, तर ते शिबिरातच एकदा चालवून घ्यावं. बाकी सगळं त्याभोवती बसवा.

चार-चारचे सात गट करा, एका गटात एकाच गावचे दोघे नकोत. प्रत्येक गटाला आदल्या दिवशी एक उपक्रम चिठ्ठीवर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो उरलेल्या २४ जणांवर २० मिनिटांत चालवायचा. त्यावर १० मिनिटं चर्चा. सात गटांचे साडेतीन तास होतात. मध्ये चहा धरून चार. हा वेळ कापू नका, हवं तर दुसरं काही गाळा.

चर्चेचा क्रम पाळा : आधी चालवणारे बोलतील, मग खेळलेले, शेवटी प्रशिक्षक. "छान झालं" हे शब्द बंद. दिसलं ते सांगायचं : "नियम सांगताना तुमची पाठ आमच्याकडे होती, मागच्या चौघींना ऐकूच आलं नाही." असं एक वाक्य तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतं.

सूचना देण्याची पद्धत पहिल्याच दिवशी घोटून घ्या. आधी सगळ्यांना गोलात किंवा रांगेत उभं करायचं, मग बोलायचं. उलटं केलं की नियम ऐकून झाल्यावर धावपळ होते आणि निम्मे नियम विसरले जातात. ऊन चालवणाऱ्याच्या तोंडावर आणि बाकीच्यांच्या पाठीवर हवं, नाहीतर समोरचे डोळे मिचकावत उभे राहतात. तीनपेक्षा जास्त नियम नकोत. एकदा करून दाखवायचं, एकाला परत सांगायला लावायचं आणि सुरू.

उपक्रमांतला एक : दोरीचा चौकोन. १६-१८ मीटर दोरीची टोकं गाठ मारून जोडा. दहा-बारा जणांच्या डोळ्यांना रुमाल बांधा. दोरी न सोडता १५ मिनिटांत तिचा चौकोन करायचा. दोन निरीक्षक बाहेर राहून दोनच गोष्टी लिहितात : पहिली सूचना कुणी दिली आणि कुणाचं म्हणणं ऐकलं गेलं नाही. जागा आधी पायाने चाचपून दगड, खुंट्या, काटे काढा. खेळ संपला की लगेच तीन प्रश्न : काय झालं, का झालं, आपल्या मंडळात हेच कुठे होतं? हे प्रश्न टाळले तर हाती फक्त करमणूक राहते, आणि वेळ कमी पडला की नेमके तेच गाळले जातात.

दुसरा, आणि माझ्या मते या शिबिराचा कणा : दाण्यांचं वर्षचक्र. जमिनीवर रांगोळीने बारा उभे रकाने काढायचे, जूनपासून मेपर्यंत. आडव्या ओळी पाच : गावात किती सभासद असतात, शेतातलं काम, पिण्याच्या पाण्याची ओढाताण, परीक्षा, सण-लग्नं. प्रत्येक चौकटीत शून्य ते दहा तुरीचे दाणे. पहिल्या ओळीत दहापैकी किती जण गावात, एवढंच. भरायला ४० मिनिटं, वाचायला २०. मुलींचा गट वेगळा बसवा. त्यांची पाण्याची ओळ मार्च ते मे भरून जाते, मुलांच्या चक्रात तीच कित्येकदा रिकामी राहते, आणि दोन्ही चक्रं शेजारी ठेवल्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एकजण तरी गटात हवाच. नाहीतर दसऱ्यानंतरच्या रकान्यात दहा दाणे पडतात आणि गावात प्रत्यक्षात चार जण असतात.

होळीपर्यंत मंडळ का विरतं याचं उत्तरही याच चक्रात सापडेल. ऊसतोडीची टोळी दसरा-दिवाळीनंतर जाते ती मार्च-एप्रिललाच परतते, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी, त्याच सुमाराला ज्वारीची काढणी. पोरांचं मन उडालेलं नसतं, पोरं गावात नसतात. म्हणून सचिव ऊसतोडीला जाणारा असेल तर उपसचिव गावात राहणारा निवडा आणि दप्तर कोणत्या तारखेला कुणाकडे जाईल ते आधीच लिहून ठेवा.

महिना म्हणाल तर पेरणी आणि पहिली खुरपणी उरकल्यावर, जुलैअखेर ते ऑगस्ट. सप्टेंबरअखेर सोयाबीनची काढणी सुरू झाली की कुणी येणार नाही. वर्षाचं वेळापत्रक लावताना येळवस (वेळ अमावस्या) मोकळी ठेवा. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडचं अख्खं गाव शेतात असतं.

फक्की_आणि_फीत

मैदानाचा भाग मी घेतो. क्रीडाप्रमुखाला आखणी आली नाही तर तो प्रत्येक स्पर्धेला दुसऱ्यावर अवलंबून राहतो. दोन तास याला द्या आणि हातात फीत त्यांच्याच द्या.

सामान : ३० मीटरची फीत, सुतळी, आठ लोखंडी खुंट्या, हातोडी, १२ ते १५ किलो रांगोळी. नायलॉनची दोरी मापाला नको, ताणली की वाढते. चुना वापरू नका. कबड्डीत तोंड जमिनीला लागतं आणि चुना डोळ्यात गेला तर इजा होते. पांढरी रांगोळी स्वस्त आणि सुरक्षित.

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ × १० मीटर, महिलांचं १२ × ८, दोन्हीत बाजूचं एकेक मीटर राखीव क्षेत्र धरून. मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाई करणाऱ्याला ओलांडावीच लागते ती) पुरुषांसाठी ३.७५ मीटर, महिलांसाठी ३ मीटर. बोनस रेषा तिच्या मागे १ मीटर.

कोपरा काटकोनात येण्यासाठी १२ मीटर सुतळीची टोकं जोडून गाठीपासून ३ आणि ७ मीटरवर खुणा करा. गाठ आणि दोन खुणा अशा तीन जागी धरून ताणली की ३-४-५ चा त्रिकोण होतो, आणि ३ मीटरवरच्या खुणेचा कोपरा काटकोन. चारही खुंट्या ठोकल्यावर कर्ण मोजायचे : १३ × १० ला १६.४० मीटर, १२ × ८ ला १४.४२. दोन कर्णांत बोटभर फरक चालेल, हातभर असेल तर रांगोळी टाकण्याआधी खुंटी हलवा. बहुतेक जण बाजू मोजतात आणि कर्ण मोजत नाहीत, म्हणून मैदान तिरपं होतं.

आपली काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि भेगा पडतात. वीतभर खणून, ढेकळं फोडून, खडे वेचून त्यात चाळलेली पोयट्याची माती आणि लाकडाचा भुसा मिसळा. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडायचं. सकाळी शिंपडलं तर चिखल पायाला चिकटतो.

मांजराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. फीतवाले दादा, भरतीच्या सरावाला १६०० आणि ८०० मीटर धावायचं असतं. शाळेच्या मैदानात फेरी कशी बसवायची? सध्या अंदाजाने चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून पळतात. आणि हिशोबाचं कुणी सांगेल का?

फक्की_आणि_फीत

चार दगडांची फेरी सोडाच, तिच्यावर घेतलेली वेळ खोटी असते. वळणावर एक मीटर बाहेरून पळलं तर एका फेरीला ६.२८ मीटर वाढतात, आठ फेऱ्यांत ५० मीटर.

मोठं मैदान (निदान ९० × ४० मीटर) असतं तर २०० मीटरची फेरी बसली असती. तुमच्या ६० × ४० मध्ये १३३.३३ मीटरची बसवा. १२ फेऱ्या म्हणजे १६००, ६ फेऱ्या म्हणजे ८००. मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने दोन खुंट्या २८.९७ मीटर अंतरावर ठोका. प्रत्येक खुंटीला सुतळी बांधून ११.७० मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ बाहेरच्या बाजूला काढा आणि दोन्ही अर्धवर्तुळं सरळ रेषांनी जोडा. धावणारा रेषेच्या ३० सेंटिमीटर बाहेरून पळतो असं धरलंय, म्हणून हिशोबाची त्रिज्या १२ मीटर आणि आखायची ११.७०. अख्खी फेरी सुमारे ५३ × २४ मीटरमध्ये मावते, कडेला जागा उरते.

छोट्या वळणांचा ताण एकाच गुडघ्यावर येतो, त्यामुळे एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून. प्रत्येक धावपटूमागे एक मोजणारा बसवा, हातात बारा खडे, दर फेरीला एक खाली टाकायचा. बारा फेऱ्या मनात मोजताना चूक होतेच. भरतीच्या गोळाफेकीच्या गोळ्याचं वजनही तपासून घ्या, मुलांचा ७.२६० किलो, मुलींचा ४ किलो. पिशवीत घालून दुकानातल्या काट्यावर टाकलं की कळतं.

रोकड_वही

हिशोबाला दीड तास पुरे, पण कागदावर करून घ्या. प्रत्येक गटाला वहीचं कोरं पान आणि दहा व्यवहारांच्या चिठ्ठ्या द्या : वर्गणी आली, जाळी घेतली, उसने दिले, पावती हरवली, असे. रोकड वहीत चढवून शिल्लक काढायला लावा. सात गटांच्या सात शिल्लका येतील, आणि खरा धडा त्या जुळवण्यात आहे.

तीन नियम त्यांच्या तोंडी बसवा. पावती पुस्तक छापील अनुक्रमांकाचं आणि दोन प्रतींचं. बँकेत तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या. आणि क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच. वर्गणी अध्यक्षाच्या फोनवर आली की ती त्याच्या घरखर्चात मिसळते, त्याचा हेतू कितीही स्वच्छ असो.

इतिवृत्तात "सर्वानुमते ठरले" एवढंच लिहिलं तर त्याला काही अर्थ नाही. कोण, काय, कधीपर्यंत, किती पैशांत, हे चारही हवेत. "व्हॉलीबॉलची जाळी – खजिनदार व क्रीडाप्रमुख – पोळ्याआधी – १,२०० रुपयांपर्यंत." पुढची बैठक याच ओळी वाचून सुरू करायची, मग मोबाइल आपोआप खिशात जातात.

नोंदणीचं थोडक्यात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० ला किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात त्यासोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यायचा असतो. तुमचे पदाधिकारी नवे आहेत, तर हेच आधी बघा. ते राहून गेलं की कागदावर जुनीच कार्यकारिणी राहते आणि बँकेतल्या सह्या बदलताना अडतं. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवाची वर्गणी गोळा करायलाही त्याच कार्यालयाची परवानगी लागते.

तेरणेची_लेक

सलग दोन दिवसांना माझा विरोध आहे. ११ मुलींपैकी मुक्कामाला किती जणींना घरून पाठवतील, हे त्यांना विचारून घ्या. दोन लागोपाठचे रविवार, सकाळी १० ते दुपारी ४:३०, म्हणजे शेवटच्या एसटीची धाकधूक राहत नाही. मधल्या आठवड्यात प्रत्येकीने गावात एक छोटी बैठक घेऊन तिचं इतिवृत्त आणायचं, हा फायदा सलग शिबिरात मिळणारच नाही. बालाघाट दादांच्या चिठ्ठ्याही पहिल्या रविवारी दिल्या तर तयारीला आठवडा मिळतो.

आदल्या दिवशी शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली घेऊन, दार आतून लागतं का आणि पाणी येतं का, ते स्वतः बघा. ते बंद असलं तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात.

मंडळात १८ च्या आतली लेकरंही येणार, त्यामुळे पॉक्सो कायदा (२०१२, लेकरांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) पदाधिकाऱ्यांना माहीत हवा. अर्धा तास पुरेल, पण ठामपणे. पालकांची लेखी संमती. कोणताही मोठा माणूस एका लेकरासोबत बंद खोलीत एकटा थांबणार नाही. अल्पवयीन मुलामुलींना निरोप फक्त गटावर, खासगी नाही. १०९८ (चाइल्डलाइन), ११२ (पोलीस व तातडीची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे तिन्ही क्रमांक मंडळाच्या फलकावर रंगवून घ्या.

प्रथमोपचारात आपल्याकडे आधी साप. पावसाळ्यात रानात घोणस, नाग, मण्यार, फुरसं सगळं असतं. दोघा-दोघांकडून करून घ्या : माणसाला आडवं करून धीर द्यायचा, अंगठी-पैंजण-कडं काढायचं, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर करायचा आणि थेट सर्पदंशाची लस असलेलं रुग्णालय. आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, रक्त चोखायचं नाही, मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही. दुसरं, जुलाब-उलट्यांवर मीठ-साखरेचं पाणी : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. सपाट हा शब्द महत्त्वाचा, मीठ जास्त पडलं तर अपाय होतो. प्रत्येकाला एकदा स्वतः करून चाखायला लावा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं.

जेवण : प्रशिक्षक धरून ३० जणांच्या खिचडीला ३ किलो तांदूळ, १ किलो डाळ. सकाळच्या पोह्यांना २ किलो. पिण्याचं पाणी माणशी निदान ४ लिटर, म्हणजे २० लिटरचे सहा जार. मैदानाच्या दिवशी आठ. भांडी घासायची पाळी गटवार आणि मुलामुलींना सारखी.

मांजराकाठ

दोन रविवारच ठरवते. पहिल्यात वर्षचक्र, दोरी, रोकड वही आणि चिठ्ठ्यांचं वाटप. दुसऱ्यात सकाळी गटांचे चार तास, दुपारी मैदान. मग साप आणि साखर-पाणी कुठे बसवू?

तेरणेची_लेक

पहिल्या रविवारी जेवणानंतर. त्या वेळी बसून ऐकायला लावलं की डोळे मिटतात, हाताने करायचं काम असलं की जागे राहतात. फळ्या आणि जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या त्यांनाच घरून आणायला सांगा, दोघांत एक जोडी. पॉक्सोचा अर्धा तास मात्र सकाळी पहिला, सगळे ताजे असताना.