तुमच्याकडचे लोक कशावर काय घालून खातात?

उट्रेख्टची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. इथे फ्राइज घ्यायला गेलं की आधी सॉस कुठला ते विचारतात, आणि मेयोनीज म्हणजे बोटभर नाही हं, खालचे फ्राइज दिसेनासे होतात एवढं! त्यात 'पटाचे ओरलोख' म्हणून एक प्रकार मिळतो, मेयोनीज, शेंगदाण्याचा साटे सॉस आणि वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. साटे इंडोनेशियाचा, तिथे डचांचं राज्य होतं त्यामुळे इथल्या लोकांच्या तोंडी बसलाय. मला तर दाणे आणि कच्चा कांदा एकत्र बघूनच भारी वाटलं. पण खरी गंमत घरी झाली, नवऱ्याच्या ऑफिसातला डच मित्र जेवायला आलेला, पानात डावीकडे वाढलेलं कैरीचं लोणचं त्याने पहिल्या घासालाच संपवलं, मग बरणीतून डावभर घेतलं आणि पोळीशी भाजीसारखं खाल्लं, घाम पुसत पुसत, अगदी आवडीने. सासूबाई म्हणाल्या खाऊ दे रे त्याला. तर तुमच्याकडे काय काय बघितलंत सांगा, आणि किती घालतात तेही, मला त्यातच जास्त मजा वाटते.

रांगडा_कोल्हापूर:
ताई, डावभर म्हणजे काय जास्त? आमच्यात खर्डा-भाकरी असली की खर्डा भाकरीच्या मधोमध बसतोय. मिरच्या नि लसूण तव्यावर भाजायचा, मीठ टाकून तिथंच तांब्याच्या बुडानं रगडायचा, वर कच्चं तेल, कांदा बुक्कीनं फोडायचा. भाजी लागतच नाही. तुमचा तो मित्र इकडं पाठवा, त्याचं बरोबर आहे.

बर्लिनकर:
इथे करीवुर्स्ट. भाजलेल्या सॉसेजचे तुकडे, त्यावर टोमॅटोचा दाट सॉस आणि वरून करी पावडर. 1949 मध्ये हर्टा हॉयवर या बाईंनी बर्लिनमध्येच सुरू केलं असं मानतात. कागदी ताटलीत घेऊन भर थंडीत उभ्याने खातात लोक, मस्त लागतं.

उट्रेख्टची_सून:
@रांगडा_कोल्हापूर वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. 😄 कोणी अजून लांबचं आहे का?

दर्यावर्दी:
मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत. आमच्या जहाजावर बरेचजण फिलिपिन्सचे, त्यांचा केचप केळ्यांचा असतो! दुसऱ्या महायुद्धात तिकडे टोमॅटो मिळेनात, मग भरपूर पिकणारी केळी घेतली, मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंचं नाव त्यासाठी घेतात. व्हिनेगर, साखर, मसाले आणि लाल रंग घातला की दिसायला आपल्या केचपसारखाच, चव मात्र गोडाकडे. वाढदिवस असला की कुक त्यातच स्पगेटी करतो, हॉटडॉगचे तुकडे घालून, आणि मोठमोठे दाढीवाले खलाशी लहान पोरांसारखे रांग लावतात, मला ते बघायला फार आवडतं. पण माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती बागूंगमुळे, म्हणजे जवळा मिठात मुरवून केलेला लगदा, वास असा की मेसमधले युक्रेनवाले सरळ ताट उचलून बाहेर जातात, आणि फिलिपिनो तो कशाशी खातात तर कच्च्या कैरीच्या फोडींशी!! सुकटीच्या वासात वाढलेल्या माणसाला अजून काय पाहिजे, मी पहिल्याच दिवशी त्यांच्यात जाऊन बसलो. आता सुट्टीवरून येताना आई त्यांच्यासाठी सुक्या जवळ्याची चटणी देते, ती बोट सुटायच्या आधीच संपते.