'जनादेश' आणि 'कौल' : अर्थ एकच का?

प्रश्न : निवडणुकीनंतर पेपरात 'जनादेश' असतो, आमच्या गोव्यात, फोंड्याला मात्र 'लोकांनी कौल दिला' म्हणतात. फरक आहे का?

उत्तर : माझ्या मते आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. आदेश म्हटला की तो पाळणं आलं. मग आमदार मतदारांचा मुखत्यार ठरतो, सांगितलं तेवढंच करणारा. कौल तसा नाही. देवाला पाकळ्या लावून एक प्रश्न विचारतात, उजवी पडली की होकार. उत्तर त्या प्रश्नापुरतंच. (जुन्या दप्तरांत कौल म्हणजे सरकारने रयतेला लिहून दिलेलं वचन. तेही नेमक्या अटींचं.)

म्हणून गोव्यातल्या १६ जानेवारी १९६७ च्या मतदानाला 'जनमत कौल' हे नाव अगदी चपखल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश (केंद्रशासित) राहायचं, एवढंच विचारलं होतं; विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पानं. विलीनीकरण मागणारा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष १९६३ ची निवडणूक जिंकून सत्तेत आला होता. त्या विजयालाच आदेश मानलं असतं, तर वेगळं विचारायची गरजच नव्हती. विचारलं, तेव्हा पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी मगोलाच पुन्हा निवडलं, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले! माणूस हवा होता, त्याचं ते एक म्हणणं नको होतं. हे 'जनादेश' या शब्दात मावतच नाही.

प्रश्न : मग आमदाराला 'विश्वस्त' म्हणावं का?

उत्तर : ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना साधारण तेच सांगितलं होतं : प्रतिनिधीने तुमच्यासाठी राबावंच, पण स्वतःची विवेकबुद्धी तुमच्या मताखातर गहाण टाकू नये. मला ते पटतं. फक्त मराठीत विश्वस्त म्हटला की देवस्थान आठवतं. मालमत्ता देवाची, विश्वस्ताने ती राखायची आणि हिशेब द्यायचा. ती परस्पर दुसऱ्याच्या हवाली करायची नाही.

जुलै २०१९ मध्ये इथल्या काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपात प्रवेश केला, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी. दोन-तृतीयांश जण एकत्र गेले तर पक्षांतरबंदीतून सूट मिळते, आणि त्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे 'विलीनीकरण'. १९६७ साली ज्यासाठी गोंयभर मतपेट्या मांडल्या, तोच. या दोन्ही वेळी मतदारांचा कौल कुणी घेतला नाही.