पाकिस्तानी जवानांनी आपला खलाशी मारला, तर निषेधापलीकडे सरकार काय करू शकतं?

किनारपट्टीवाला
नोव्हेंबर 2021 चं प्रकरण आठवतंय का कोणाला? गुजरातच्या ओख्याहून गेलेल्या मच्छीमार बोटीवर पाकिस्तानच्या मेरीटाइम सिक्युरिटी एजन्सीने, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या त्यांच्या दलाने, गोळ्या झाडल्या आणि आपल्या पालघरचा एक खलाशी गेला. दिल्लीने त्यांच्या हायकमिशनमधल्या अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला, पोरबंदरच्या नवी बंदर पोलीस ठाण्यात 10 जणांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, चॅनलवाल्यांनी दोन दिवस घसा फोडला आणि मग सगळं थंड. कोण सत्तेत होतं ते राहू दे, तो वाद इथे नको. मला एवढंच विचारायचंय की शेजारच्या देशाच्या वर्दीवाल्याने आपला साधा माणूस मारला तर सरकारच्या हातात नक्की असतं काय? केरळच्या मच्छीमारांच्या केसमध्ये इटलीकडून पैसे घेतले ना, मग इथे का नाही?

गरमचहा
कोर्टबिर्ट सोडा हो. एकदा नेव्ही पाठवा, त्यांची एक बोट बुडवा, परत आपल्या माणसाकडे डोळा वर करून बघणार नाहीत.

बाकावरचा_वकील
गरमचहा, बोट बुडवली की दुसऱ्या दिवशी तिथे जे शे-दोनशे गुजराती, पालघरवाले मच्छीमार मासे धरत असतील त्यांचं काय, ते पण सांगा.

आता मूळ प्रश्न. इटलीची केस वेगळी होती. फेब्रुवारी 2012 मध्ये इटलीच्या एनरिका लेक्सी जहाजावरच्या मरीननी, म्हणजे नौसैनिकांनी, आपले दोन मच्छीमार मारले, पण ते जहाज नंतर कोचीला आलं, आरोपी आपल्या ताब्यात आले, म्हणून इटलीला आठ वर्षं आपल्याशी बोलत राहावं लागलं. तरी शेवटी 2020 ला आंतरराष्ट्रीय लवादाने काय सांगितलं, तर त्या मरीनना इम्युनिटी आहे, म्हणजे भारतात खटला चालवता येत नाही, खटला इटलीतच चालवा, भारताला भरपाई मिळेल. 10 कोटी ठरले, 4-4 कोटी दोन्ही घरांना आणि 2 कोटी बोटमालकाला, आणि जून 2021 ला सुप्रीम कोर्टाने फाइल बंद केली. म्हणजे आरोपी हातात असून एवढं. पालघरच्या केसमध्ये आरोपी त्यांच्याकडे, त्यांची बोट त्यांच्याकडे, आणि आपल्या एफआयआरमध्ये सगळे ‘अज्ञात’.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं म्हणाल तर तिथलं दार आपणच लावून घेतलंय. कॉमनवेल्थमधल्या देशांशी असलेले वाद आम्ही तिथे नेणार नाही आणि कोणी आमच्यावर आणूही नये, असं भारताने आधीच लिहून दिलंय. 1999 ला पाकिस्तानचं अटलांटिक विमान आपण पाडलं, 16 जण मेले, पाकिस्तान हेगला गेला आणि आपण हेच कलम पुढे करून 2000 साली केस उडवली. आता तेच आपल्याला नडतंय. कुलभूषण जाधवांची केस चालली ती व्हिएन्ना कराराखाली, कॉन्सुलर भेटीचा, म्हणजे अटकेतल्या माणसाला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू देण्याचा मुद्दा होता म्हणून. इथे तो रस्ता लागत नाही.

हानगांगकाठी
मी दक्षिण कोरियात असते, इथलं सांगते. जुलै 2008 मध्ये इथली एक बाई कुमगांग डोंगरावर फिरायला गेली होती, म्हणजे उत्तर कोरियात, पण तेव्हा ह्युंदाईच्या कंपनीची टूर रीतसर जायची तिकडे. पहाटे समुद्रकाठी चालता चालता लष्करी हद्दीत शिरली आणि शिपायाने गोळी घातली. इथल्या सरकारने लगेच टूर बंद केल्या आणि सांगितलं की दोघांनी मिळून चौकशी करू तरच परत चालू. त्यांनी ऐकलं नाही, टूर आजपर्यंत बंद. उत्तरेला त्यातून डॉलर मिळायचे, म्हणून ते झोंबलं तरी. 2020 ला परत तसंच, मत्स्य खात्याचा एक माणूस समुद्रात त्यांच्या हाती लागला आणि त्यांनी मारला, तेव्हा किम जोंग उनकडून माफीचा निरोप आला, जे कधी होत नाही. पण गोळी कोणी झाडली, त्याला काय शिक्षा झाली, ते दोन्ही वेळा बाहेर आलंच नाही.

किनारपट्टीवाला
@हानगांगकाठी हे माहीत नव्हतं. म्हणजे समोरच्याला तुमच्याकडून काहीतरी मिळत असेल तर ते बंद करता येतं. आपलं पाकिस्तानशी काय चालू आहे जे बंद करणार?

बाकावरचा_वकील
तीच तर गोची आहे. फेब्रुवारी 2019 ला आपण त्यांचा व्यापारातला एमएफएन (सर्वाधिक पसंतीचा देश) दर्जा काढला, ऑगस्टला त्यांनी व्यापार थांबवला, आपला हायकमिशनर परत पाठवला आणि त्यांचाही इकडे पाठवला नाही. म्हणजे 2021 ला गोळीबार झाला तेव्हा झापायला समोर हायकमिशनर पण नव्हता. आता पहलगाम हल्ल्यानंतर अटारी सीमा बंद, सिंधू पाणी करार स्थगित, दोन्हीकडचं हायकमिशन 30 माणसांवर आणलेलं. सगळी हत्यारं मोठ्या भांडणात वापरून झाली, एका खलाशासाठी शिल्लक काय राहणार. आणि खरं सांगायचं तर एका खलाशासाठी ती कुठल्याच सरकारने काढली नसती, तामिळनाडूच्या मच्छीमारांना विचारा श्रीलंकेच्या नेव्हीबद्दल.

वाणगावलोकल
माझ्या आजोळचे लोक दरवर्षी गुजरातच्या बोटींवर जातात म्हणून लिहितो. तुम्ही हेगच्या गप्पा मारताय, आमच्याकडे प्रश्न फार खालचा आहे. डहाणू, तलासरी, पालघरची पोरं पावसाळा संपत आला की मुकादमाकडून उचल घेतात, लग्नासाठी नाहीतर घराच्या पत्र्यासाठी, आणि ओखा, वेरावळ, पोरबंदरला जाऊन बोटीवर चढतात. एकदा उचल घेतली की तांडेल (बोटीचा कप्तान) नेईल तिकडे जायचं, बोट हद्दीजवळ चाललीये म्हणून मी उतरतो असं बोलायची सोय नसते. मासळी आता काठाला मिळत नाही आणि चांगला माल तिकडेच, मग मालकालाही पाहिजे असतं. त्यात कच्छजवळच्या सर क्रीक खाडीचा वाद मिटलेला नाही, म्हणजे समुद्रातली हद्द दोघांनी मिळून आखलेलीच नाही. रात्री जाळं टाकलेलं असताना बोट ओढीबरोबर वाहत जाते, आणि खाली बर्फात मासळी भरणाऱ्याला स्क्रीनवर काय दिसतंय ते माहीतही नसतं.

पकडले गेले तर कराचीची लांढी जेल. 2008 च्या करारामुळे 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात, घरच्यांना तेवढाच आधार, की यादीत नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे. माझ्या मते खरी मागणी हीच पाहिजे की मच्छीमाराला पकडलं तर पकडा पण गोळी नाही, आणि हे दोन्ही कोस्टगार्डकडून लेखी घ्या. समुद्री कायद्यात पण हेच आहे ना, वकीलसाहेब?

बाकावरचा_वकील
आहे. हद्दीत घुसून मासे धरणाऱ्याला शारीरिक शिक्षा देता येत नाही हे संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराच्या कलम 73 मध्ये आहे, आणि 1999 ला सैगा जहाजाच्या निकालात हॅम्बुर्गच्या समुद्री कोर्टाने सांगितलं की आधी थांबायचा इशारा, मग पुढून गोळी झाडून इशारा, आणि बळ वापरायचं ते अगदी शेवटी. दोन्ही देशांनी तो करार मान्य केलाय. तेव्हा बोट कुठल्याही बाजूला असो, मासे धरणाऱ्यावर थेट गोळीबार बेकायदाच. आपण मात्र दरवेळी ‘बोट आपल्याच हद्दीत होती’ यावर भांडत बसतो आणि तो मुद्दा ते लगेच नाकारतात.

गरमचहा
मग जीपीएसने सिद्ध करा ना बोट कुठे होती.

वाणगावलोकल
ते आत्ता कुठे सुरू झालंय. ऑगस्ट 2024 ला पालघरलाच मोदींच्या हस्ते बोटींवर 1 लाख ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेचं उद्घाटन झालं, त्यात बोटीची जागा सॅटेलाइटवरून कळते आणि हद्दीजवळ गेलात की इशारा येतो. चांगली गोष्ट आहे. फक्त ते यंत्र तांडेलाच्या केबिनमध्ये असतं आणि बंद करायचं बटण कोणाच्या हाताशी असतं ते बघा. मला विचाराल तर बोट निघायच्या आधी खलाशाचा विमा कोणाच्या नावावर आहे ते पण मत्स्य खात्याने बघावं, कारण खलाशी महाराष्ट्राचा, बोट गुजरातची, आणि काही झालं की दोन राज्यांच्या ऑफिसांत बायकोने खेटे घालायचे.