प्रतिसाद: डिस्चार्ज तापमान गणितापेक्षा जास्त का?

वर प्रश्न असा आहे: कॉम्प्रेसरमध्ये (हवा दाबणाऱ्या मशीनमध्ये) हवा 35 अंश सेल्सिअसला आत येते, दाबाचे गुणोत्तर (बाहेरचा दाब भागिले आतला) 3, बाहेर पडताना, म्हणजे डिस्चार्जला, गणिताने 148 अंश येतात, पण मशीन 185 च्या पुढे दाखवते. सेन्सर बदलायच्या आधी सूत्र तपासा. तुमचे 148 हे आयसेन्ट्रॉपिक, म्हणजे तोटा शून्य धरलेले उत्तर आहे.

खऱ्या मशीनमध्ये दाबाच्या गुणोत्तरावरचा घातांक (के − 1)/के एवढाच ठेवायचा नाही (के म्हणजे वायूच्या स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर), त्याला पॉलिट्रॉपिक, म्हणजे लहान लहान टप्प्यांत मोजलेल्या, कार्यक्षमतेने भागायचे. हवेसाठी के 1.4, म्हणून घातांक 0.286. कार्यक्षमता 0.78 धरली तर तो 0.366 होतो. 308 केल्व्हिन गुणिले 3 चा 0.366 वा घात, म्हणजे साधारण 460 केल्व्हिन, 187 अंश. तुमचे मशीन बहुधा ठीकच चालले आहे.

कार्यक्षमता कोणती दिली आहे हे मात्र डेटाशीटवर नक्की बघा. आयसेन्ट्रॉपिक असेल तर ती घातांकात घालायची नाही; आदर्श तापमानवाढीला तिने भागायचे. ही गल्लत फार होते. दाब अर्थात ॲबसोल्यूट (निर्वातापासून मोजलेला), गेज (वातावरणाच्या दाबापासून मोजलेला) नव्हे.

वायू बदलला की के बदलतो. 1.27 धरला तर याच गुणोत्तराला आणि कार्यक्षमतेला जेमतेम 142 अंश येतात. के तापमानाबरोबर घटतोही, म्हणून सक्शन (आत येतानाच्या) आणि डिस्चार्जच्या केची सरासरी घेऊन गणित पुन्हा एकदा करा. क्रांतिक बिंदूजवळच्या (जिथे द्रव आणि वायू यांतला फरक संपतो) कार्बन डायऑक्साइडला मात्र हे सूत्र लावूच नका, तिथे एन्थाल्पीवरूनच (वायूतल्या ऊर्जेच्या मापावरूनच) जायला हवे.