अनुभव धागा: इंग्लंडमधला मधुमेह आणि औषधांची चिठ्ठी

रेडिंगकरीण (धागाकर्ती):
नवऱ्याला साखर निघाली तेव्हा आम्हाला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. व्हिसाबरोबर माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरलेला, त्यात औषधंही आली असं आम्ही धरून चाललो होतो. केमिस्टकडे गेल्यावर कळलं की चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी), कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, झाले २९.७०. दर महिन्याला. आठ महिने निमूट भरले.

नवव्या महिन्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "डायबेटिस आहे ना? मग पैसे कशाला भरता?" आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सर्जरीच्या, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर एफपी ९२ ए नावाचा फॉर्म मागायचा, आपला भाग भरून द्यायचा, डॉक्टरांची सही होऊन तो पुढे जातो. औषधांचे पैसे माफ असल्याचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं मिळतं. अर्ज पोचल्याच्या एक महिना आधीपासून ते लागू धरतात, पण त्या महिन्याचे पैसे परत हवे असतील तर पैसे भरतानाच एफपी ५७ ही पावती घेतलेली असावी लागते. आम्ही कुठली घ्यायला!

नुसता मधुमेह असून भागत नाही, हातात सर्टिफिकेट लागतं, हे आम्हाला असं उशिरा कळलं. तुमचं काय झालं ते लिहा.

पिठलंभाकरी:
ताई, तुमचे पैसे गेले, आमच्याकडे दंडाचं पत्र आलं. मुलाला नवव्या वर्षापासून टाइप १, म्हणजे कायम इन्सुलिन लागणारा मधुमेह. सोळापर्यंत सगळ्याच मुलांना औषधं फुकट, पुढे एकोणीस पूर्ण होईपर्यंत पूर्णवेळ शिकणाऱ्यांना फुकट. त्यामुळे सर्टिफिकेट नावाची वस्तू आमच्या घरात कधी आलीच नाही. मुलगा लीड्सला शिकायला गेला, तिथे एकोणीस पूर्ण झाले. केमिस्टने विचारलं, पैसे माफ आहेत का? हा म्हणाला, हो, टाइप १ आहे. दहा वर्षं तेच तर बोलत आला होता! दोन प्रकारचं इन्सुलिन, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या, ग्लुकागॉन (साखर एकदम उतरली तर टोचायचं), अशी पाच औषधं घेऊन आला.

काही महिन्यांनी पत्र. औषधांचे ४९.५० आणि वर १०० पौंड दंड. दंड औषधांच्या किमतीच्या पाचपट असतो, पण शंभराच्या वर जात नाही. अठ्ठावीस दिवसांत भरला नाही तर आणखी ५०. पोराचा फोन आला तो रडवेल्या आवाजात, "आई, मी खोटं बोललो का गं?" तिथल्या डॉक्टरांकडून लगेच फॉर्म भरून घेतला, फोन केले. दंड उठला, औषधांचे पैसे मात्र भरले. टाइप १ काही एकोणिसाव्या वाढदिवसाला बरा होत नाही, एवढं कुणाच्या लक्षात कसं येत नाही, कोण जाणे. ज्यांची मुलं सतरा-अठराची आहेत त्यांनी आत्ताच फॉर्म आणून ठेवा.

ग्लासगोकर:
आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीला पैसेच नाहीत, कुठल्याच आजाराला. वेल्समध्ये तर २००७ पासून नाहीत. धागा वाचून अंमळ सुख वाटलं, माफ करा.

चौदा किलो:
माझी गंमत उलटी. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५८ होतं. (भारतातले टक्के डोक्यात असतील त्यांच्यासाठी, इथले ४८ म्हणजे आपले ६.५.) भात अर्ध्यावर आणला, रोज तासभर चाललो, चौदा किलो उतरवले. आकडा ४१ वर आला, डॉक्टरांनी गोळी बंद केली, बायकोने शिरा केला. वाटीभरच.

आणि माफी गेली! नुसत्या पथ्यावर असलेला मधुमेह माफीच्या आजारांच्या यादीत बसत नाही, गोळी किंवा इंजेक्शन चालू हवं. सर्टिफिकेट असेपर्यंत बीपीची गोळीही फुकट मिळत होती, आता तिचे पैसे भरतो. सर्टिफिकेटच्या कार्डाची मुदत शिल्लक होती, तरी परत केलं. मित्र म्हणाला, कशाला कळवलंस? पण चिठ्ठीवर खोटी सही करायला हात धजेना.

लेस्टरची सून:
मला पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन्सचा त्रास) आहे, मधुमेह नाही, पण मेटफॉर्मिनच घेते. सासूबाईंना मधुमेह, त्यांचंही मेटफॉर्मिन. एकाच पिशवीतून दोन खोकी येतात, माझ्या खोक्याचे पैसे पडतात. सासूबाईंना तर सर्टिफिकेटचीही गरज नाही, साठीच्या पुढे सगळ्यांनाच माफ, जन्मतारीख पुरते.

नवऱ्याला दमा आहे, तो यादीत नाही. थायरॉइडची रोजची गोळी घेणारे यादीत आहेत. ही यादी १९६८ सालची, पुढे २००९ मध्ये त्यात कॅन्सर आला, दमा आलाच नाही. पंपाविना ज्याचा श्वास अडतो त्याने पैसे भरायचे, यात कुठला न्याय ते मला कुणी समजावून सांगा. आम्ही त्याच्यासाठी वर्षाचा पास काढलाय, ११४.५० पौंडांचा, हप्त्याने भरता येतो. महिन्याला एकच औषध असेल तरी थोडीफार बचत होते, दोन असली तर एरवी पासाच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे गेले असते.

स्विंडनचा गोंयकार:
माफीचं कार्ड फक्त साखरेच्या गोळ्यांना चालतं असं समजून माझी बहीण दोन वर्षं अँटिबायोटिक, मलम, सगळ्याचे वेगळे पैसे भरत होती. चिठ्ठीवरचं काहीही असो, एकाच कार्डावर माफ असतं. हे तिला सांगितलं तर तडक कार्ड घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली. तिथे ते चालत नाही. आता दोन्हीबद्दल माझ्यावरच चिडली आहे.